रशियातील ओसाड शिवारे : भूमिवाटपाचे एक पर्व

व्होल्गाकाठच्या त्वेर नगरातून निघालेला अफानासी निकितिन नावाचा व्यापारी पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात चौलच्या बंदरी उतरला आणि पुढे जुन्नरास जाऊन त्याने पावसाळ्याचे दिवस तेथे काढले, ही गोष्ट महाराष्ट्राच्या इतिहासाच्या वाचकांस परिचित आहे. चार महिने अहोरात्र पाऊस, जिकडेतिकडे चिखल, आणि त्याच दिवसांत येथील लोक नांगरतात व पेरतात, हे त्याने आपल्या टिपणांत नोंदून ठेवले आहे. ज्याच्या मायदेशी वर्षातील चार-पाच महिने शेत बर्फाखाली निजलेले असते आणि उरलेल्या थोड्या उबदार दिवसांत नांगरणीपासून कापणीपर्यंत सर्व काही उरकून घ्यावे लागते, त्या मनुष्याची दृष्टी परक्या मुलुखातही प्रथम शेतीकडे वळावी, यात अस्वाभाविक काही नाही. त्या त्वेरच्या परिसरात, आणि त्याच्या आसपास पसरलेल्या स्मोलेन्स्क, प्स्कोव, नोव्हगोरोद, कोस्त्रोमा या प्रांतांत, विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात असे काही घडले की परचक्र नाही, अवर्षण नाही, महामारी नाही, आणि तरीही शतकानुशतके नांगराखाली असलेली शिवारे एकामागून एक ओस पडत गेली.

या घटनेचे आकारमान आधी ध्यानी घेतले पाहिजे. १९९० साली रशियात सुमारे ११ कोटी ७७ लाख हेक्टर जमिनीवर पेरा होता. २००७ च्या सुमारास तो साडेसात कोटींच्या आसपास येऊन ठेपला. म्हणजे सतरा वर्षांत चार कोटी हेक्टरांहून अधिक क्षेत्र पेऱ्यातून गेले. आपल्या महाराष्ट्र राज्याचे डोंगर, नद्या, शहरे आणि अरण्ये धरून सगळे भौगोलिक क्षेत्र तीन कोटी आठ लाख हेक्टर भरते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या आकड्याचा अर्थ कळतो. आणि इतिहासाच्या अभ्यासकाला अंतर्मुख करणारी गोष्ट ही की, ज्या वर्षांत ही जमीन ओसाड पडत होती नेमक्या त्याच वर्षांत ती कसणाऱ्याच्या नावावर चढवण्याचे काम सरकारी कचेऱ्यांतून मोठ्या निकराने चालू होते. ज्या मालकी हक्कासाठी रशियन शेतकऱ्याच्या कित्येक पिढ्या झुरल्या, तो हक्क त्याच्या हाती पडला आणि त्याच हातातून नांगर सुटला. असे का झाले, याचा शोध १९९१ पासून सुरू करून भागत नाही. त्यासाठी बरेच मागे जावे लागते.

१८६१ साली दुसऱ्या अलेक्झांडर झारने भूदासांना मुक्त केले, तेव्हा त्यांना मिळालेली जमीन बहुतेक ठिकाणी व्यक्तीच्या नावे झाली नाही. ती गावसभेच्या, म्हणजे ‘मीर’च्या, स्वाधीन झाली. तिच्या मोबदल्याचे हप्ते एकोणपन्नास वर्षे फेडावयाचे होते, त्यांची जबाबदारी साऱ्या गावावर सामायिक होती, आणि कुटुंबातील माणसे वाढली वा घटली की पट्ट्यांची फेरवाटणी होई. आपण कसतो ती पट्टी उद्या आपली असेलच, असा भरवसा कोणालाच नव्हता. ही रचना मोडून कर्त्या शेतकऱ्याला आपला तुकडा अलग करून घेता यावा म्हणून पंतप्रधान स्तोलिपिन याने १९०६ मध्ये कायदा आणला; परंतु आपल्या योजनेला वीस वर्षांची शांतता हवी असे म्हणणारा हा मुत्सद्दी १९११ साली कीव्हच्या नाट्यगृहात गोळीला बळी पडला, आणि शांतता तर रशियाच्या वाट्याला आलीच नाही. १९१७ च्या ऑक्टोबर क्रांतीच्या दुसऱ्याच दिवशी निघालेल्या जमिनीविषयीच्या फर्मानाने जमिनीवरील खाजगी मालकी कायमची रद्द केली. तरी पुढील दहाबारा वर्षे शेतकरी आपापल्या बैलाघोड्यांनिशी ती जमीन कसतच होता, आणि अलेक्झांडर चयानोव्हसारखा अर्थशास्त्रज्ञ याच काळात शेतकरी कुटुंबाच्या अर्थव्यवहाराची अशी सूक्ष्म मीमांसा करीत होता की आजही जगभरचे अभ्यासक तिच्याकडे वळतात. त्या चयानोव्हला १९३० मध्ये अटक झाली आणि १९३७ मध्ये गोळी घालण्यात आली. शेतकरी आपले शेत का आणि कसे सांभाळतो हे ज्याला सर्वांत अधिक उमगले होते, त्याचा आवाज रशियाने स्वतःच बंद केला, ही या इतिहासातील एक असह्य घटना आहे.

त्यानंतरचे सामूहिकीकरणाचे पर्व सर्वश्रुत आहे. १९३० व १९३१ या दोनच वर्षांत सुमारे अठरा लाख माणसे ‘कुलक’, म्हणजे सधन शेतकरी, ठरवून घरादारांतून उठवली गेली व दूरदेशी नेऊन टाकली गेली. १९३२-३३ च्या दुष्काळात युक्रेन, कझाकस्तान आणि व्होल्गाकाठ येथे लक्षावधींचे प्राण गेले. उरले त्यांची जमीन, जनावरे व अवजारे ‘कोलखोज’ नावाच्या सामुदायिक शेतीत जमा झाली आणि त्यांच्या स्वतःच्या म्हणून राहिले ते घरामागचे परसू आणि एखादी गाय. परंतु ओसाडीच्या दृष्टीने याहून दूरगामी ठरलेली गोष्ट कमी लक्षात घेतली जाते. १९३२ च्या अखेरीस देशांतर्गत पारपत्राची पद्धत सुरू झाली, तेव्हा कोलखोजच्या शेतकऱ्याला ते पारपत्र सरसकट दिले गेले नाही, आणि सर्वांना ते देण्याचा निर्णय व्हावयास १९७४ साल उजाडले. पारपत्राशिवाय शहरात रीतसर राहता येत नसे. अशा बंदिस्त गावातून बाहेर पडण्याच्या ज्या दोनचार वाटा होत्या, म्हणजे सैन्यातील नोकरी, तंत्रशाळेतील प्रवेश किंवा एखाद्या बांधकामावरची भरती, त्या वाटांनी जो तरुण गेला तो बहुधा परतला नाही. आईबापांनीही मुलाने परतू नये अशीच इच्छा बाळगली. शेती हे आपल्या मुलाचे भविष्य नव्हे, ही समजूत उत्तर रशियाच्या खेड्यात दोन पिढ्या मुरत गेली.

त्यात १९६० व ७० च्या दशकांतील नियोजनकारांनी आणखी एक घाव घातला. लहान लहान वस्त्यांना रस्ता, वीज, शाळा पुरवणे परवडत नाही, असा हिशेब मांडून त्यांनी हजारो खेडी ‘भवितव्यहीन’ ठरवली. खेड्याच्या नावापुढे हा शेरा पडला की प्रथम शाळा बंद होई, मग दुकान, मग दवाखाना, आणि शेवटी रस्त्याची डागडुजी. माणसांना मोठ्या गावात येऊन राहण्यास सांगितले जाई. ती पुष्कळदा त्या मोठ्या गावाला ओलांडून थेट शहरात जात.

मग १९९० पर्यंत तेथील शेते पेरली तरी कशी जात होती? त्याचे उत्तर सरकारी तिजोरीत आहे. काळ्या मातीच्या पट्ट्याच्या उत्तरेची जमीन फिकी, आम्लयुक्त व पाणथळ. तिला वरचेवर चुना द्यावा लागतो आणि पाण्याचा निचरा करणारे चर उपसत राहावे लागतात. ब्रेझनेव्हच्या कारकिर्दीपासून या कामांवर, खतांवर आणि यंत्रांवर सरकारने सढळ हाताने खर्च केला, बुडीत कर्जे माफ केली, आणि मांस व दूध शेतीसंस्थांकडून ज्या भावाने घेतले त्याहून कमी भावाने शहरात विकले. कापणीच्या दिवसांत शहरांतून विद्यार्थी व कारखान्यांतील कामगार बटाटे काढावयास पाठवले जात. तेथील पेऱ्याचा मोठा हिस्सा माणसाच्या अन्नाचा नव्हताच. तो गुरांच्या वैरणीचा होता. शेत गोठ्याच्या आधारे, गोठा सरकारी खरेदीच्या आधारे, आणि ती खरेदी तेल विकून आलेल्या पैशाच्या आधारे, असा तो मनोरा होता.

१९९० च्या नोव्हेंबरात शेतकरी-शेतीचा व जमीनसुधारणेचा असे दोन कायदे झाले, आणि सोव्हिएत संघ विसर्जित होताच, १९९१ च्या डिसेंबरातील शेवटच्या दिवसांत, राष्ट्राध्यक्ष येल्त्सिनचे फर्मान व त्यामागोमाग सरकारचा ठराव निघाला की सर्व कोलखोजांनी व सरकारी शेतांनी १ जानेवारी १९९३ पर्यंत आपली पुनर्रचना करून नवी नोंदणी करावी. जेथे बर्फ वितळून पेरणी उरकेपर्यंत अर्धे वर्ष निघून जाते, तेथे साठ वर्षांची व्यवस्था एका वर्षात उलगडावयाची होती. पुढे २७ ऑक्टोबर १९९३ च्या फर्मानाने या जमिनीच्या वाट्यांचे व्यवहार करण्यास मोकळीक दिली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात स्वीकृत झालेल्या राज्यघटनेने जमिनीची खाजगी मालकी मान्य केली.

हा ‘वाटा’ म्हणजे प्रत्यक्षात काय होते, हे नीट पाहिल्याखेरीज पुढचे काही उलगडत नाही. सुमारे एक कोटी वीस लाख माणसांना, त्यांत सामुदायिक शेतात राबणारे होते, तेथून निवृत्त झालेले होते, काही ठिकाणी गावच्या शाळेतील शिक्षक व दवाखान्यातील परिचारिकाही होत्या, एकूण साडेअकरा कोटी हेक्टरांच्या आसपास जमीन वाटून देण्यात आली. प्रत्येकाला एक प्रमाणपत्र मिळाले. त्यावर नाव होते, शेतीसंस्थेचे नाव होते, इतके हेक्टर असा आकडा होता, आणि जमिनीच्या कसाचे गुण हेक्टरांशी गुणून काढलेली एक संख्याही होती. सर्व काही होते. केवळ चतुःसीमा नव्हती. पूर्वेस अमक्याचे शेत, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस गाडीवाट, अशा शब्दांनी आपल्याकडील खरेदीखतात जमीन जशी डोळ्यांपुढे उभी राहते, तसे त्यात काही नव्हते. सरासरीने दहा हेक्टर, कोठे तीनचार तर कोरड्या गवताळ प्रदेशात कितीतरी अधिक, अशी जमीन माणसाच्या मालकीची झाली, परंतु तो शिवारात जाऊन ‘ही माझी’ म्हणून पाऊल टेकू शकेल अशी जागा कोठेही नव्हती. जमीन जशी होती तशी एकसंध राहिली आणि मालकी तेवढी कागदावर शतखंड झाली.

त्या प्रमाणपत्राचे करावे काय, हे ठरवण्यासाठी गावोगाव सभा भरल्या. वाटा घेऊन बाहेर पडावे व स्वतंत्र शेती करावी, तो नव्या कंपनीच्या भांडवलात घालावा, किंवा खंडाने द्यावा, असे पर्याय कायद्याने दिले होते. बहुतेक ठिकाणी हात वर झाले ते एकत्र राहण्याच्या बाजूने, आणि कालचा कोलखोज आज भागीदारी संस्था वा संयुक्त भांडवलाची कंपनी बनला. अध्यक्ष तोच राहिला. बाहेरच्या अर्थपंडितांना यात जुनाट वृत्ती दिसली. मला वाटते, सभेला बसलेल्यांची समज त्यांच्यापेक्षा अधिक पक्की होती. परसातील बटाट्याच्या पट्टीला नांगर लागतो तो कोलखोजचा, गायीला लागणारे गवत येते ते कोलखोजच्या कुरणातून, हिवाळ्यात बर्फ हटवून रस्ता खुला करणारे यंत्र कोलखोजचे, आणि घरात मृत्यू झाला तर दफनभूमीपर्यंत जाणारी गाडीही त्याचीच. हे सर्व सोडून दहा हेक्टरांच्या कागदाच्या बळावर, ट्रॅक्टर नाही, गोदाम नाही, कर्ज द्यावयास पेढी नाही, अशा अवस्थेत बाहेर पडण्याचे धाडस साठीतल्या बाईने करावे तरी कसे? ज्यांनी केले ते १९९० च्या दशकाच्या मध्याला पावणेतीन लाखांच्या आसपास होते, आणि त्यानंतर ती संख्या वाढली नाही.

निझनी नोव्हगोरोद प्रांतात याहून निराळा प्रयत्न झाला, त्याचा उल्लेख येथे केला पाहिजे. तेथील तरुण राज्यपाल बोरिस नेम्त्सोव्ह याने आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाच्या तज्ज्ञांच्या साहाय्याने १९९३-९४ मध्ये काही शेतीसंस्थांचे खरोखरीचे विभाजन घडवून आणले. सभासदांनी आपले वाटे एकत्र करून गट बांधावयाचे, आणि मग संस्थेच्या आतच होणाऱ्या लिलावात त्या वाट्यांनाच चलन मानून प्रत्यक्ष शेते, ट्रॅक्टर, गोठे यांवर बोली करावयाची, अशी ती पद्धत होती. येथे तरी चतुःसीमा आखल्या जात होत्या, आणि १९९४ मध्ये केंद्र सरकारने हा नमुना साऱ्या देशाला शिफारसपूर्वक सांगितला. परंतु लिलाव उत्तम रीतीने पार पडला तरी त्या शेतातील माल कोणत्या भावाने जाणार, हा प्रश्न लिलावाच्या मंडपाबाहेरच उभा होता.

आणि तो भाव २ जानेवारी १९९२ रोजीच बदलून गेला होता. त्या दिवशी बहुतेक वस्तूंच्या किमतींवरील सरकारी नियंत्रण उठले. डिझेल, खत, सुटे भाग यांच्या किमती भराभर चढल्या. धान्य, दूध, मांस यांच्या किमती मागे रेंगाळल्या, कारण शहरातल्या गिऱ्हाइकाची पुंजी महागाईने गिळली होती आणि परदेशी माल दुकानांत येऊ लागला होता. सरकारने घेतलेल्या धान्याचे पैसे महिनोन्महिने मिळत नसत, आणि मिळत तेव्हा चलनवाढीने त्यांचे मोल उरलेले नसे. खताचा वापर दशकाच्या अखेरीस पूर्वीच्या सातव्या-आठव्या हिश्शावर आला. मजुरी थकली, मग रोकडीऐवजी धान्याची पोती, गवत, डुकराची पिले असा ऐनजिनसी मोबदला चालू झाला. ज्या देशाने अंतराळात मनुष्य पाठवला, तेथील गवळण महिनाभर दूध काढून पगारादाखल पिलू घेऊन घरी जात होती.

गोठे प्रथम रिते झाले. रशियातील गुरांची संख्या १९९० साली पाच कोटी सत्तर लाख होती; दहा वर्षांत ती निम्म्याहून खाली आली. कर्ज फेडण्यासाठी, डिझेलच्या बदल्यात, कधी थकलेल्या मजुरीपोटी जनावरे खाटिकखान्याकडे गेली. पेऱ्याच्या ऱ्हासाची खरी कळ येथे आहे. वैरण खाणारे जनावरच राहिले नाही, तेव्हा वैरणीच्या शेताला पेरण्याचे प्रयोजन उरले नाही, आणि उत्तरेत तर शेत म्हणजे प्राधान्याने वैरणच होती. स्मोलेन्स्क, प्स्कोव आणि त्वेर यांची जुनी कीर्ती ज्या अंबाडीसारख्या तंतूंच्या अळशीवर उभी होती, तिचाही पेरा आटला. रित्या गोठ्यांचे पत्रे, विटा, तुळया लोक काढून नेऊ लागले, आणि दोनचार हिवाळ्यांत लांबलचक भिंती तेवढ्या उभ्या राहिल्या.

सोडलेले शेत कसे पालटते, हे तेथील शेतकऱ्याने पायरीपायरीने पाहिले. पहिल्या वर्षी काटेरी तण व हरळीसारखी चिवट गवते येतात. दोनतीन वर्षांत दाट कुरण होते. कोणी न उपसलेले चर गाळाने भरतात व सखल भाग पुन्हा दलदल होतो. मग जवळच्या रानातून वाऱ्याबरोबर आलेले भूर्जाचे बी रुजते, त्यामागून विलो, आल्डर आणि चीड येतात, आणि पंधरावीस वर्षांत, जेथे ओट्सचे पीक वाऱ्यावर डोलत असे तेथे, पांढऱ्या बुंध्यांची अशी दाटी होते की माणसाला आडवे शिरता येत नाही. यातच दुसऱ्या महायुद्धानंतर गुरांच्या चाऱ्यासाठी म्हणून सरकारनेच लावलेली एक राक्षसी वनस्पती, ‘बोर्शेविक’, मोकाट सुटली. ती पुरुषभर उंचीहून कितीतरी वर जाते, एकेक रोप हजारो बिया टाकते, आणि तिचा रस अंगाला लागून त्यावर ऊन पडले की भाजल्यासारखे फोड उठतात. तिला दरवर्षी कापणारे हात होते तोवर ती चारा होती. ते हात गेल्यावर रस्त्यांच्या कडा, चर आणि पडकी आवारे तिने व्यापली, आणि मुलांना तिकडे फिरकू नका म्हणून बजावण्याची पाळी आली.

ओसाडी सर्वत्र सारखी नव्हती. भूगोलतज्ज्ञ तात्याना नेफ्योदोव्हा आणि ग्रिगोरी इयोफ्फे यांनी हा विषय वर्षानुवर्षे गावोगाव हिंडून अभ्यासला, आणि त्यांच्या लेखनातून एक गोष्ट स्पष्टपणे पुढे येते : मोठ्या शहरापासूनचे अंतर जसजसे वाढत जाते तसतसे शिवार विरळ होत जाते, आणि दोन प्रांतांच्या सीमेवरचा, दोन्ही राजधान्यांपासून दूरचा टापू सर्वांत आधी उजाड होतो. २००२ च्या जनगणनेत रशियातील सुमारे १ लाख ५५ हजार खेड्यांपैकी १३ हजार खेड्यांत एकही मनुष्य राहत नव्हता. २०१० च्या गणनेत अशी निर्मनुष्य खेडी १९ हजारांवर गेली. इतरत्र पुष्कळ गावांतून उरल्या त्या वृद्धा. त्यांच्या परसांतील बटाटा, कोबी आणि एखादी गाय यांवर त्या राहिल्या. किंबहुना त्या कठीण दशकात देशाच्या बटाट्याचे सुमारे नव्वद टक्के उत्पादन अशा परसांतून व शहरी लोकांच्या बागवाड्यांतून आले. मोठे शेत कोसळले तेव्हा राष्ट्राला जगवले ते सामूहिकीकरणातून वाचलेल्या त्या परसाने, हे चयानोव्हने पाहिले असते तर त्याला आश्चर्य वाटले नसते.

जमिनीच्या बाजाराचा कायदा व्हावा की नाही, यावर रशियन संसदेत दहा वर्षे वाद चालला. काही प्रांतांनी वाट पाहिली नाही. सारातोव्हने १९९७ मध्ये आपला स्वतःचा भूमिकायदा केला. अखेर २००१ मध्ये नवा भूमिसंहिता कायदा झाला, त्यातून शेतजमिनीचे व्यवहार वगळले होते, आणि त्यांच्यासाठी स्वतंत्र कायदा २४ जुलै २००२ रोजी होऊन २००३ च्या आरंभी अंमलात आला. परदेशीयांस शेतजमीन विकत घेता येणार नाही, एकोणपन्नास वर्षांपर्यंत खंडाने मात्र घेता येईल, अशी त्यात तरतूद होती. कायद्याने दार उघडले, परंतु त्यातून आत शिरावयाचे तर प्रथम वाट्याचे शेत करावे लागे : सहहिस्सेदारांची सभा, वर्तमानपत्रातील जाहीर सूचना, मोजणी, नकाशा, मग नोंदणी. या खटपटीचा खर्च उत्तरेत त्या जमिनीच्या किमतीहून अधिक होई. तेव्हा म्हातारी वारली, तिचा मुलगा पीटर्सबर्गला किंवा मॉस्कोला, त्याने वारसाची नोंद केली नाही, आणि वाटा दफ्तरात तिच्याच नावावर राहिला. आपल्याकडे पेशवाईत मिरासदार परागंदा झाला म्हणजे त्याची जमीन दफ्तरांत ‘गतकूळ’ म्हणून नोंदली जाई आणि ती दुसऱ्या कोणाच्या वहिवाटीस देता येई. येथे मात्र मालक नाही आणि कूळही नाही, अशी जमीन कित्येक वर्षे पडून राहिली.

दक्षिणेत, क्रास्नोदार, रोस्तोव्ह, स्ताव्रोपोल, बेल्गोरोद येथे, चित्र अगदी उलट होते. काळ्या मातीला भाव होता, बंदर जवळ होते, आणि मोठ्या भांडवलाच्या कंपन्या हजारो वाटे एकगठ्ठा खंडाने घेऊ लागल्या. वर्षाच्या अखेरीस वाटेकऱ्याला काही पोती धान्य, सूर्यफुलाचे तेल, साखर असा खंड घरपोच मिळे, आणि आपली जमीन नेमकी कोठे आहे हे त्याने विचारण्याचे कारण पडत नसे. पुढे पुष्कळांनी ते वाटे विकूनही टाकले. मॉस्कोच्या सभोवती तर वाटे अगदी स्वस्तात खरेदी झाले आणि तेथे पीक उगवले ते बंगल्यांचे. धान्योत्पादन या दक्षिणेच्या बळावर इतके सावरले की एके काळी परदेशी गहू आयात करणारा हा देश २०१६ पासून जगातील सर्वांत मोठ्या गहू निर्यातदारांच्या पंक्तीत जाऊन बसला. कमी जमिनीतून अधिक धान्य निघाले, ही गोष्ट सुधारकांच्या बाजूने मांडली जाते आणि ती खोटी नाही. परंतु ज्याच्या नावाने ही सुधारणा झाली तो वाटेकरी उत्तरेत जमीन टाकून गेला आणि दक्षिणेत ती देऊन बसला. मालक म्हणून नांगर धरलेला तो दोन्हीकडे विरळाच. चूक जमीन देण्यात झाली असे मी म्हणत नाही. सीमा, पत, भाव आणि रस्ता यांवाचून ती देण्यात झाली, आणि ज्या गावातून साठ वर्षे तरुण पळवून लावले त्या गावात ती दिली गेली, यात झाली.

रशियाबाहेरही हे घडले, पण प्रत्येक ठिकाणी वेगळ्या वळणाने. कझाकस्तानात ख्रुश्चेव्हने १९५४ पासून मोठ्या गाजावाजाने गवताळ जमीन फोडली होती; तेथील एकूण पेरा १९९० नंतरच्या एकाच दशकात साडेतीन कोटी हेक्टरांवरून निम्म्याखाली आला. रुमानियात १९९१ च्या कायद्याने जुन्या मालकांना जमीन परत दिली. तेथे हद्दी शोधण्याचे भांडण इतके जिकिरीचे झाले की कॅथरीन व्हर्डरी या मानववंशशास्त्रज्ञ विदुषीने ट्रान्सिल्व्हेनियातील एका खेड्यावर त्यासाठी सबंध ग्रंथ लिहिला. युक्रेनमध्ये सुमारे सत्तर लाख माणसांना सरासरी चार हेक्टरांचे वाटे मिळाले, परंतु २००१ पासून त्यांच्या विक्रीवर बंदी आली, ती हंगामी म्हणून आली आणि मुदतवाढ मिळत मिळत १ जुलै २०२१ पर्यंत टिकली. तेथे काळी माती असल्याने जमीन मात्र पडीक फारशी राहिली नाही, आणि विक्रीला बंदी असूनही नांगर चालू राहिला, ही गोष्ट केवळ बाजारपेठेच्या असण्या-नसण्याने ओसाडीचा उलगडा करू पाहणाऱ्यांनी विचारात घेण्याजोगी आहे.

रशियन सरकारने पुढे या बेवारस वाट्यांचा निकाल लावण्याचे मनावर घेतले. २०१० च्या अखेरीस झालेल्या दुरुस्तीने ग्रामप्रशासनांना असा अधिकार मिळाला की, ज्यांचे मालक वारले व वारस पुढे आले नाहीत, किंवा ज्यांचा काही वर्षे कोणी उपयोग केला नाही, अशा वाट्यांची यादी प्रसिद्ध करावी, हरकती मागवाव्या आणि न्यायालयामार्फत ते आपल्या नावे करून घ्यावे. याद्या गावच्या फलकांवर लागल्या. त्यांतील पुष्कळ नावांची माणसे जवळच्याच दफनभूमीत होती. पडीक शेतजमीन बाळगणाऱ्यास दंड व अखेरीस जप्ती, अशीही कलमे कडक होत गेली, आणि त्यामुळे असा पेच उभा राहिला की ज्या जमिनीवर वीस-पंचवीस वर्षांचे भूर्जवन वाढले आहे ती दफ्तरी शेतजमीनच असल्याने मालकाने ती झाडे तोडून साफ करणे कायद्याने प्राप्त होई, मग तेथे पुढे काही पेरावयाचे असो वा नसो. वने जपू पाहणाऱ्यांनी व काही शास्त्रज्ञांनी याविरुद्ध वारंवार लिहिले. या उगवत्या रानाने हवेतील कर्बही मोठ्या प्रमाणात शोषला होता. शेवटी सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने नियम काढले आणि १ जानेवारी २०२१ पासून शेतजमिनीवर वन राखण्याची व वाढवण्याची अनुज्ञा दिली. मालकाने ठराविक सूचना संबंधित खात्यांना द्यावयाची आणि त्या रानाचे व्यवस्थापन व आगीपासून रक्षण स्वतः करावयाचे. दीडच वर्षाने, २०२२ मध्ये, हे नियम पुन्हा आवळण्यात आले, आणि ती जमीन शेत मानावी की रान, हा तंटा कृषिखाते व वनखाते यांच्यात चालूच राहिला.